अंगदुखी आणि अशक्तपणा: रक्त देण्यापूर्वी वाचावे

आमच्या रक्ततपासणी केंद्रात सकाळी उपाशीपोटी तपासणीसाठी रक्त द्यायला येणाऱ्या अनेकांच्या चिठ्ठीवर ‘अंगदुखी व अशक्तपणा’ एवढेच लिहिलेले असते. हे दोन शब्द बोलताना जोडीने येत असले, तरी तपासणीच्या दृष्टीने ते वेगळे आहेत, आणि त्यांपैकी आपल्याला नेमके काय होते आहे हे रुग्णाला सांगता आले, तर कोणत्या तपासण्या करायच्या व कोणत्या टाळायच्या हे ठरवणे डॉक्टरांना पुष्कळ सोपे जाते. निदान करणे हे आमचे काम नाही. परंतु अर्धवट माहितीवर केलेल्या तपासण्यांचा खर्च रुग्णाला सोसावा लागताना आम्ही रोज पाहतो, म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

दुखते, की ताकदच लागत नाही?

दुखत असल्यामुळे हालचाल नकोशी वाटणे ही एक गोष्ट, आणि दुखत नसतानाही ती हालचाल न जमणे ही दुसरी. अपुरी झोप, कमी हिमोग्लोबिन किंवा नुकताच येऊन गेलेला ताप यांमुळे गळून गेल्यासारखे वाटणे ही तिसरी, आणि ‘अशक्तपणा’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या तक्रारींत आमच्या अनुभवाप्रमाणे तिचाच वाटा मोठा असतो. स्नायूंची ताकद खरोखर कमी झाली आहे का, हे घरातल्या कामांतच कळते. मांडी घालून बसल्यावर उठताना जमिनीला हात टेकावा लागतो का, जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढावे लागते का, फडताळाच्या वरच्या कप्प्यातला डबा काढताना किंवा वेणी घालताना हात मध्येच खाली येतो का, हे पाहावे. पूर्वी जमणाऱ्या या हालचाली आता जमत नसतील, तर खांद्यांच्या आणि मांड्यांच्या मोठ्या स्नायूंकडे लक्ष द्यावे लागते, कारण स्नायूंचे बहुतेक आजार तेथूनच सुरू होतात. उलट चालताना चप्पल पायातून निसटत असेल आणि निसटलेली कळतही नसेल, किंवा तळपायांना मुंग्या येत असतील, तर दोष स्नायूंपेक्षा नसांत असण्याचा संभव अधिक. मधुमेह आणि बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे असून, शाकाहारी व्यक्तींनी आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांनी बी-१२ची तपासणी करावी का, हे आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

घरातली औषधे

कोलेस्टेरॉलसाठी दिल्या जाणाऱ्या ॲटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन यांसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या मांड्या व खांदे दोन्ही बाजूंनी दुखू लागतात. बहुतेकांना त्या व्यवस्थित सोसतात. म्हणून दुखले की गोळी स्वतःच बंद करणे, विशेषतः हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, योग्य नाही. मात्र एकाच वेळी दुसरे कोणते औषध सुरू झाले आहे, हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. गजकर्णासाठी दिले जाणारे इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतल्याने ॲटोरव्हास्टॅटिनचे रक्तातील प्रमाण वाढते. अनेकदा गजकर्णाचे डॉक्टर वेगळे असतात आणि हृदयाचे वेगळे, आणि दोन्ही चिठ्ठ्या एकत्र पाहणारे घरात कोणीच नसते.

थायरॉइडचे काम मंदावले असेल तर कोलेस्टेरॉल वाढते आणि स्नायूही दुखतात. अशा वेळी नुसत्या कोलेस्टेरॉलवर गोळी सुरू झाली, की दुखणे वाढते, दोष गोळीला दिला जातो आणि मूळ कारण तसेच राहते. थायरॉइडचे काम कसे चालले आहे हे दाखवणारी टीएसएचची एक तपासणी हा गुंता सोडवू शकते. मात्र केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास आधी सांगावे, कारण त्यांच्यामुळे काही यंत्रांवर थायरॉइडचे आकडे चुकीचे येतात.

स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्यास दुखण्याशिवायच मांड्यांची ताकद कमी होते, आणि स्नायूंची इजा दाखवणाऱ्या सीपीके या तपासणीचा आकडा मात्र ठीक येतो. सांधेदुखीवर मिळणाऱ्या, वेष्टनावर नावच नसलेल्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. तशी पुडी घेत असल्यास संकोच न करता सांगावे. ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने हाडे व स्नायू ठणकतात हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण ६०,००० युनिटची आठवड्यातून एकदा घ्यायची पुडी रोज घेतली गेली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून त्यातूनही अशक्तपणाच येतो.

सीपीकेचा आकडा कसा वाचावा

स्नायूंना इजा झाली, की त्यांतील सीपीके हे विकर (एन्झाइम) रक्तात उतरते. त्याची नेहमीची मर्यादा साधारणपणे २००च्या आसपास असते. ती प्रत्येक प्रयोगशाळेत थोडी वेगळी असून पुरुषांत अधिक असते. जिमला नव्याने जाऊ लागलेल्या निरोगी तरुणात हा आकडा काही हजारांवर गेलेला आम्ही पाहिला आहे. त्याच अहवालात एसजीओटी व एसजीपीटी ही यकृताच्या तपासणीतील विकरे वाढलेली पाहून घरच्यांनी कावीळ समजून तेलतूप बंद केले होते, प्रत्यक्षात ही दोन्ही विकरे स्नायूंतूनही येतात. त्यामुळे रक्त देण्यापूर्वी तीन दिवस जड व्यायाम टाळावा, आणि दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेतले असल्यास तेही कळवावे. पोटॅशियमसाठी रक्त देताना मूठ वारंवार आवळू नये. त्याने आकडा खोटाच वाढतो, आणि मूत्रल (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्यांनी किंवा जुलाबांनी खरोखर कमी झालेले पोटॅशियम लपून जाऊ शकते.

पन्नाशीनंतर सकाळी खांदे व कंबर ताठून बसत असेल आणि ईएसआर (शरीरातील दाह दाखवणारा रक्ताचा आकडा) वाढला असेल, पण सीपीके ठीक असेल, तर ते ‘वयाचे’ म्हणून सोडू नये. त्यासोबत कानशिलाजवळ नवी डोकेदुखी किंवा नजरेत फरक असल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. लहान मुलगा स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत उभा राहत असेल आणि त्याच्या पोटऱ्या फुगीर दिसत असतील, तर ‘बाळसे आहे’ म्हणून थांबू नये.

आमच्याकडे न येता थेट रुग्णालयात जावे

जुलाब किंवा ताप येऊन गेल्यावर पायांत सुरू झालेला अशक्तपणा दिवसागणिक वर चढत असेल, गिळताना त्रास होत असेल किंवा श्वास अपुरा वाटत असेल, तर अहवालाची वाट पाहू नये. जानेवारी २०२५मध्ये पुण्यात, मुख्यतः सिंहगड रस्त्याच्या परिसरात, गिलियन-बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि संशयितांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, तेव्हा अनेकांची सुरुवात अशीच झाली होती. लघवी कोऱ्या चहासारखी होणे आणि स्नायू असह्य दुखणे, हेही मूत्रपिंडांवर येणाऱ्या संकटाचे लक्षण आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत ठणका असल्यास लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा लागतो, आणि त्यात एक दिवसही महत्त्वाचा असतो.

एरवी रक्त द्यायला येताना चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक व विनानावाच्या पुड्यांसह, एका पिशवीत घालून आणावीत. आमच्या नोंदणीच्या अर्जावर त्यांची नावे लिहिली जातात आणि अहवालासोबत ती यादी आपल्या डॉक्टरांना मिळते. त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.