बेळगावच्या पूर्वेला दगड बदलतो

बेळगावात घर बांधणाऱ्याला जांभ्याचं कौतुक असतं; कातळ चढणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. आसपासच्या टेकड्यांच्या माथ्यावर तांबडा, भोकाभोकांचा थर दिसतो तो हा जांभा. मूळचा काळा दगड लाखो वर्षं ऊन-पावसात कुजत गेला, त्यातली सिलिका पाण्याबरोबर निघून गेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. खाणीतून काढल्या काढल्या तो सहज तासता येतो, हवा लागली की टणक होतो. चिरे पाडायला यासारखा दगड नाही. पण उभ्या दरडीवर त्याची कड धरून अंगाचा भार टाकलात, तर कड हातात येते आणि तुम्ही खाली.

जांभ्याखाली काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट. साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा दगड. महाराष्ट्रातले गिर्यारोहक लिंगाणा, तैलबैला करत याच दगडावर तयार झाले. बसाल्ट मुळात भक्कम. पण लाव्हा एकावर एक थरांनी आला आणि दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी ठिसूळ पट्टा राहिला. शिवाय थंड होताना दगड आकसला आणि उभ्या भेगा पडल्या. त्यामुळे भिंतीत घट्ट बसलेला वाटणारा धोंडा प्रत्यक्षात नुसता टेकलेला असू शकतो. जाणता चढणारा पकड घेण्याआधी तळहातानं थोपटून बघतो. पोकळ, बद्द आवाज आला की ती पकड सोडायची. खालच्या घसाऱ्यात पडलेले धोंडे असेच कधीतरी निखळलेले असतात.

दख्खनच्या लाव्हाची दक्षिण कड बेळगावच्या आसपासच संपते. पूर्वेला गोकाक, सौंदत्तीकडे निघालात की लाव्हाखालचा कितीतरी जुना दगड उघडा पडतो. यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्या प्रत्येक भाविकाच्या पायाखालून हा बदल गेलेला असतो, भंडाऱ्याच्या गडबडीत लक्ष जात नाही एवढंच. हा वालुकाश्म आणि त्याचा अधिक कठीण भाऊ क्वार्टझाइट. बागलकोट जिल्ह्यातल्या कलादगी गावावरून भूशास्त्रज्ञ या खडकांना कलादगी खडक म्हणतात. ही वाळू साचली तेव्हा डायनासोर तर सोडाच, जमिनीवर झाडंसुद्धा नव्हती. घटप्रभा गोकाकला 52 मीटर खाली उडी घेते ती याच खडकावरून.

आणि याच कुळातला बदामीचा तांबडा कडा आज देशभरातल्या चढणाऱ्यांना ओढून आणतो. तिथले थर जवळजवळ आडवे आहेत. दोन थरांमधला मऊ भाग वाऱ्या-पाण्यानं आत खाल्ला जातो आणि बोटांची पेरं बसतील अशा आडव्या खाचा तयार होतात. उभ्या फटीत मूठ अडकवता येते. हाच दगड छिन्नीला मानतो हे चालुक्यांनी सहाव्या शतकातच ओळखलं होतं. तिसऱ्या लेण्यातल्या शिलालेखाचा काळ इ.स. 578 आहे. संरक्षित हद्दीतल्या कातळाला मात्र हात लावायचा नाही, मग खाचा कितीही मोहात पाडोत.

वालुकाश्मावर बूट का चिकटतो? शाळेतला घर्षणाचा नियम सांगतो की स्पर्शाचं क्षेत्रफळ कितीही असो, फरक पडत नाही. रबर हा नियम पाळत नाही. मऊ रबर वाळूच्या कणांमधल्या खळग्यांत दाबलं जातं, आणि जितकं जास्त रबर टेकेल तितकी पकड वाढते. म्हणून उतरत्या, खाच नसलेल्या कातळावर टाच खाली सोडून तळवा पूर्ण टेकवायचा. घाबरलेला नवखा नेमकं उलट करतो: टाच वर, चवडा टोकावर, छाती कातळाला चिकटलेली. उन्हात रबर जास्त मऊ पडून सरकतं, हातही घामेजतात. डिसेंबर-जानेवारीतली थंड सकाळ म्हणूनच सोन्यासारखी.

बोटांचं गणित वेगळं. बोटांत स्नायू नसतात. ओढणारे स्नायू कोपराखाली असतात आणि कंडरा दोऱ्यांसारख्या बोटांपर्यंत येतात. त्या हाडाला धरून ठेवणारी कड्यांसारखी बंधनं असतात. बारीक कडेवर बोटं मुडपून लटकलात की बोटाच्या बुडाजवळच्या बंधनावर टोकापेक्षा कितीतरी जास्त ताण येतो. स्नायू काही महिन्यांत बळकट होतात, कंडरा आणि बंधनं मात्र फार हळू. उत्साही पोरांची बोटं दुखावतात ती या फरकामुळे.

दोर न लावता ठेंगण्या धोंड्यांवर चढणं म्हणजे बोल्डरिंग. ठेंगणे म्हणजे किती? चार मीटरवरून पडलात तर जमिनीला टेकताना वेग ताशी 32 किलोमीटरच्या आसपास असतो. ताठ पायांनी पाच सेंटिमीटरमध्ये थांबलात तर शरीराला गुरुत्वाच्या 80 पट हिसका बसतो. खाली अंथरलेली गादी दबून आणि गुडघे दुमडून अर्धा मीटर मिळाला, तर 8 पट.

खरा घात पाणी करतं. वालुकाश्मातले कण सिलिका, लोह किंवा मातीच्या खनिजांनी जोडलेले असतात. पाणी छिद्रांत शिरलं की हा जोड सैलावतो. काही वालुकाश्मांची ताकद ओलेपणी निम्म्यावर येते. ओल्या कातळावर पाय घसरतो हे कुणालाही कळतं. पकडच तुटू शकते, हे ध्यानात येत नाही. तुटलेली खाच पुन्हा उगवत नाही, मागून येणाऱ्यांसाठी ती वाट कायमची बदलते. बेळगावकरांची इथे हमखास फसगत होते. आपल्याकडे पावसाचा जोर जुलैत, त्यामुळे दसऱ्याला आपण मोकळे. पण बदामीच्या पट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊसच मोठा.

वरचा पापुद्रा तासाभरात वाळलेला दिसतो, आतली ओल एक-दोन दिवस राहते. कड्याच्या पायथ्याची माती बोटभर उकरून बघा. ती दमट लागली तर दगडही आत दमटच समजायचा, दोर पिशवीत ठेवायचा आणि गोकाकवरून तिथली करदंट मिठाई घेऊन परत यायचं.