पोटरीवरच्या गाठी आणि टीबीच्या गोळ्या

पोटरीच्या मागच्या अंगाला दुखऱ्या, तांबूस-जांभळ्या गाठी उठतात, थंडीत त्यांचा जोर वाढतो, काही फुटून चिघळतात. रुग्ण बहुतेक बायका. या ‘एरिथेमा इंड्युरेटम’चे वर्णन 1861 साली पॅरिसमध्ये झाले, तेही कंठमाळेच्या (मानेतल्या गाठींच्या क्षयाच्या) रुग्णांत. 1882 मध्ये क्षयाचा जंतू सापडला, पण गाठींत तो दिसेना. 1945 साली अमेरिकेत, क्षयाचा पुरावा नसलेल्या अशाच गाठींना ‘नोड्युलर व्हॅस्क्युलायटिस’ नाव मिळाले. पुढे 1990च्या दशकात पीसीआरने, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या तपासणीने, काही नमुन्यांत क्षयजंतूचा डीएनए दाखवला, सगळ्यांत नाही.

कर्नाटकाच्या सीमाभागात, खानापूर-निपाणीकडे प्रश्न वेगळाच असतो. दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बाईची पोटरी दुखली, तर दोष आधी बैठकीला जातो. मग नडगीच्या पुढच्या बाजूला येणारा, काही आठवड्यांत ओसरणारा गाठींचा दुसरा आजार, एरिथेमा नोडोसम, वगळायचा, गाठी उठवणारी कुष्ठरोगातली रिअॅक्शनही. बायोप्सी, म्हणजे तपासणीसाठी गाठीचा तुकडा, चरबीपर्यंत खोल घेतली नाही तर अहवालाचा उपयोग नाही, आणि नेमके तेच बऱ्याचदा राहून जाते.

खरी ओढाताण त्यानंतर. जंतू दिसत नाहीत, छातीचा एक्स-रे स्वच्छ, पण क्षयजंतूचा अर्क त्वचेत टोचून करायच्या मॉन्टू चाचणीत हात टरारून सुजलेला. एवढ्यावर सहा महिने टीबीची औषधे द्यायची का? देणारे म्हणतात, शरीरात कुठेतरी दडलेल्या जंतूंना दिलेली ही प्रतिक्रिया आहे. गोळ्यांनी गाठी परत येणे थांबते. न देणारे म्हणतात, आपल्याकडे कितीतरी निरोगी मोठ्यांची मॉन्टू पॉझिटिव्ह येते, शिवाय या गाठी आपोआपही बसतात, मग श्रेय गोळ्यांना कसे? न देणाऱ्यांचा हा मुद्दा बिनतोड आहे. तरी वर्षानुवर्षे चिघळणारा पाय आणि ठळक मॉन्टू एकत्र असतील, तर गोळ्या न देण्याचे धाडसच मोठे वाटते. फक्त गोळ्यांचा त्रास होऊ नये म्हणून यकृतावर लक्ष हवे. क्षयसंसर्गाची नवी रक्तचाचणी मॉन्टूसारखी बीसीजीच्या लशीने फसत नाही, पण झोपलेला संसर्ग आणि जागा आजार यांत तीही फरक करत नाही.

2012पासून टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सक्तीची आहे, खासगी दवाखान्यांनाही. 2017च्या सुमारास सरकारी औषधे दिवसाआड न देता रोज देणे सुरू झाले, 2018पासून पोषणासाठी खात्यात पैसेही येऊ लागले. सीमाभागातली बाई मिरजेला किंवा कोल्हापूरला दाखवते, औषधे मात्र गावाजवळच्या कर्नाटकातल्या आरोग्य केंद्रातून घेते. तिथे पहिला प्रश्न थुंकीच्या अहवालाचा होतो, आणि तिच्याकडे असतो पोटरीचा.