डेडलिफ्ट

जमिनीवर स्थिर ठेवलेला बार (टोकांना वजनाच्या चकत्या म्हणजे प्लेट लावलेली दांडी) दोन्ही हातांनी धरून, गुडघे व कंबर सरळ करत ताठ उभे राहीपर्यंत उचलण्याचा आणि तितक्याच ताब्यात खाली ठेवण्याचा व्यायामप्रकार. स्क्वाट (खांद्यांवर बार घेऊन बैठक) व बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून बार छातीवरून वर ढकलणे) यांच्यासह पॉवरलिफ्टिंग या स्पर्धात्मक खेळातील तीन प्रकारांपैकी हा एक असून स्पर्धेत तो शेवटी घेतात. त्यात नितंबांचे स्नायू, मांडीचे मागचे स्नायू (हॅमस्ट्रिंग) व कण्यालगतचे उभे स्नायू मुख्यतः कामाला लागतात. मांडीचा पुढचा भाग, पाठीचा वरचा भाग व हाताची पकड यांनाही बराच ताण पडतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने दोन प्रश्न महत्त्वाचे असतात : उचलताना शरीराची ठेवण कशी असावी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबून येते ते कशामुळे.

उगम : जड वस्तू जमिनीवरून उचलण्याची परंपरा सर्वत्र आढळते. आजच्या प्रकाराचा धागा सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नेला जातो. अमेरिकेतील बॉस्टन भागातील डॉक्टर जॉर्ज बार्कर विंडशिप (१८३४–७६) यांनी ‘हेल्थ लिफ्ट’ नावाने वजन थोड्या अंतरापुरते उचलण्याची पद्धत लोकप्रिय केली. वजन बरेच वर ठेवून ते काही सेंटिमीटरच उचलायचे असल्याने तिला आजच्या डेडलिफ्टचे पूर्वरूप म्हणावे, प्रत्यक्ष आरंभ म्हणू नये, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. जर्मन बलवान हेर्मान गेर्नर याने १९२० मध्ये लाइपझिग येथे एका हाताने ३३० किग्रॅ. उचलल्याचे सांगतात. मात्र त्याच्या पराक्रमांची बरीचशी माहिती एडगार म्युलर या त्याच्या चरित्रकाराकडूनच आलेली असल्याने नंतरच्या अभ्यासकांनी हे आकडे सावधपणे घेतले आहेत. गेर्नरच्या असामान्य ताकदीबद्दल दुमत नाही. वाद आहे तो नेमक्या वजनाचा. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाची स्थापना १९७२ मध्ये झाली आणि नियमांना स्थैर्य आले : शेवटी गुडघे सरळ व खांदे मागे असावेत, बार मांड्यांवर टेकवून वर सरकवू नये, वर जाताना तो मध्येच खाली येऊ नये आणि पंचांच्या खुणेनंतरच ताब्यात खाली ठेवावा. ‘रोमानियन डेडलिफ्ट’ हा उपप्रकार रोमानियाचा १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णपदकविजेता भारोत्तोलक निकू व्लाद याच्या नावाशी जोडला जातो. १९९० च्या सुमारास अमेरिकेत त्याचा सराव पाहणाऱ्यांनी हे नाव रूढ केले असे मानतात. हालचाल मात्र त्याहून जुनी असावी. त्यात बार उभ्या स्थितीतून सावकाश गुडघ्यांखाली नेऊन पुन्हा वर आणतात, जमिनीवर टेकवत नाहीत.

शरीराची ठेवण : स्पर्धेतील मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंमी. असतो, त्यामुळे बारचा मध्य जमिनीपासून २२.५ सेंमी. उंचीवर राहतो. ही बाब शिकणाऱ्यांच्या बाबतीत दुर्लक्षित राहते. सामान्य जिममधील ५ वा १० किग्रॅ.च्या लोखंडी प्लेट लहान असतात. त्या लावल्या की बार बराच खाली जातो आणि नवशिक्याला कंबर गोल केल्याशिवाय तिथवर पोहोचताच येत नाही. त्याच्या चुकीच्या ठेवणीचे कारण पुष्कळदा हेच असते. प्लेटखाली लाकडी ठोकळे किंवा जाड रबरी तक्ते ठेवून बार नेहमीच्या उंचीवर आणणे हा यावरचा सोपा उपाय होय.

पाय साधारण नितंबांच्या रुंदीइतके दूर आणि बार पावलांच्या मध्यावर, म्हणजे उभे असताना नडगीपासून दोन-तीन सेंमी. पुढे असावा. खांदे बारच्या किंचित पुढे येतात. नितंब स्क्वाटइतके खाली नेऊ नयेत. तसे केल्यास बार सुटण्याआधीच ते वर उसळतात आणि सुरुवातीची सगळी तयारी वाया जाते. पोटात श्वास भरून पोट घट्ट करावे, काखेमागचे स्नायू आवळून बार पायांशी लगटून ठेवावा. बार पुढे सरकला की कमरेपासूनचे त्याचे आडवे अंतर वाढते आणि तेच वजन पाठीला कितीतरी जड होते. म्हणून बारचा मार्ग बाजूने पाहता जवळजवळ सरळ व उभा असावा. वर जाताना नितंब व खांदे बरोबरच उठावेत. शेवटी कंबर मागे वाकवू नये. खाली ठेवताना आधी नितंब मागे न्यावेत, बार गुडघ्यांच्या खाली गेल्यावरच गुडघे वाकवावेत.

‘सुमो’ पद्धतीत पाय बरेच फाकवून हात आतून धरतात. यात धड अधिक उभे राहते व बारला कमी अंतर कापावे लागते, पण मांडीच्या आतील स्नायूंवर ताण येतो. कोणती पद्धत श्रेष्ठ हा वाद निष्फळ आहे. मांडी व धडाची लांबी आणि खुब्याच्या सांध्याची घडण यांवर निवड अवलंबून असते. एक हात उलटा धरण्याच्या मिश्र पकडीत उलट्या हाताच्या बायसेप्सचा (दंडाच्या पुढच्या स्नायूचा) कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, फाटण्याचा धोका असतो, म्हणून शिकताना दोन्ही तळवे आपल्याकडे वळवूनच धरावे.

पाठ किती सरळ असावी, याविषयी मतभेद आहेत. कॅनडातील स्ट्युअर्ट मॅगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकरांच्या मणक्यांवर केलेल्या प्रयोगांत दाबाखाली वारंवार वाकवल्याने मणक्यांमधील गादी फुटल्याचे दिसले. त्यांच्याच गटाने क्ष-किरण चित्रणातून पाहिले की अनुभवी लिफ्टरची पाठ बाहेरून गोल दिसली, तरी कमरेचे मणके बहुतांशी पूर्ण वाकण्याच्या अलीकडेच थांबतात. जड डेडलिफ्टमध्ये कमरेच्या खालच्या मणक्यांवर सुमारे १७ किलोन्यूटनपर्यंत दाब येत असल्याचा अंदाजही याच गटाने १९९१ मध्ये मांडला. याउलट, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पद्धतशीर आढाव्यात वाकून उचलणे व कंबरदुखी यांचा संबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले आहे. परंतु त्यात घेतलेले अभ्यास प्रामुख्याने हलक्या वजनांवरचे होते आणि मृत ऊतींवरील प्रयोगांत जिवंत शरीराची जुळवून घेण्याची क्षमता धरता येत नाही. दोन्ही बाजू लक्षात घेता नवशिक्याने कण्याचा नैसर्गिक बाक राखावा आणि विशेष म्हणजे उचलण्यास सुरुवात केल्यावर तो बदलू देऊ नये, हे मत ग्राह्य वाटते.

स्नायुवेदना : व्यायामानंतर काही तासांनी सुरू होणारी, साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवणारी आणि आठवड्याभरात ओसरणारी वेदना ‘विलंबित स्नायुवेदना’ म्हणून ओळखली जाते. ती लॅक्टिक आम्ल साचल्याने होते ही समजूत जिममध्ये अद्याप पक्की आहे. ती टिकण्याजोगी नाही. रक्तातील लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाचे शरीरातील रूप) व्यायामानंतर तासाभरात बहुधा पूर्वपदावर येते, वेदना मात्र दुसऱ्या दिवशी वाढते. शिवाय १९८३ मध्ये श्वेन व सहकाऱ्यांनी उतारावर धावणाऱ्यांचा अभ्यास केला असता लॅक्टेट फारसे न वाढताही वेदना झाल्याचे आढळले.

त्याआधी, १९०२ मध्येच, अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिओडोर हफ यांनी ही वेदना स्नायूच्या आतील सूक्ष्म इजेमुळे होत असावी असे सुचवले होते. १९६१ मध्ये डी व्ह्रीस यांनी स्नायूंच्या स्थानिक आचक्याची उपपत्ती मांडली, पण तिला पुढे पुरेसा आधार मिळाला नाही. १९८० च्या दशकारंभी स्वीडनमधील फ्रीडेन व सहकाऱ्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंमधील झेड-रेषा (तंतूच्या आकुंचन पावणाऱ्या सूक्ष्म घटकांच्या सीमारेषा) विस्कटलेल्या दिसल्या आणि हफ यांच्या मताला बळ मिळाले. मात्र इजेचे प्रमाण व वेदनेची तीव्रता यांचा मेळ नेहमी बसत नाही. जपानमधील मिझुमुरा व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून ब्रॅडिकिनिन व चेतावृद्धी घटक ही द्रव्ये वेदनाग्राही चेतातंतूंना हळवे करतात असे दाखवले. यात स्नायुतंतू तुटणे आवश्यक ठरत नाही. स्नायूंवरील आवरणाचा वाटाही अलीकडे पुढे आला आहे. सूक्ष्म इजा हे एकमेव कारण न मानता, ताणामुळे सुरू होणारी व वेदनाग्राहींना हळवी करणारी प्रक्रिया म्हणून याकडे पाहणे अधिक योग्य होय.

ताणाचा प्रकार मात्र वादातीत आहे. स्नायू लांबत असताना भार रोखून धरतो तेव्हा, म्हणजे उत्केंद्री (एक्सेंट्रिक) आकुंचनात, ही वेदना सर्वाधिक होते. म्हणूनच डेडलिफ्टमध्ये बार उचलण्यापेक्षा तो सावकाश खाली आणण्याने मांड्यांचा मागचा भाग जास्त आंबतो, आणि रोमानियन डेडलिफ्टनंतर जिना उतरणेही जड जाते. तीच हालचाल काही दिवसांनी पुन्हा केली की वेदना लक्षणीय कमी होते. हे संरक्षण कित्येक आठवडे टिकते. त्यामुळे पहिल्या एक-दोन सत्रांत हलक्या वजनाचे मोजके सेट पुरेसे असतात. वेदना झाली नाही म्हणून व्यायाम फुकट गेला, असे समजण्यास आधार नाही; सराव झालेल्या माणसाची ताकद वेदनेविनाही वाढते.

नितंब, मांड्या, पाठीचा वरचा भाग व हात आंबणे अपेक्षित आहे. कण्यालगतचे स्नायूही दोन्ही बाजूंना सारखे भरून येतात. कमरेत उचलतानाच चमक भरणे, एकाच बाजूला टोचणे, पायात उतरणारी कळ किंवा मुंग्या ही लक्षणे वेगळी असून त्यांत व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवावे. लघवी गडद तपकिरी होणे व स्नायू सुजून अत्यंत दुखणे हे स्नायुविघटनाचे (ऱ्हॅब्डोमायोलिसिस) लक्षण असू शकते; त्यात मूत्रपिंडांना धोका असल्याने तातडीने रुग्णालयात जावे.

उपचारांत हलकी हालचाल व मालिश यांनी थोडा आराम पडतो. व्यायामाआधी वा नंतर अंग ताणण्याचा उपयोग नगण्य आहे, असे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात आढळले : शंभर गुणांच्या मापनात फरक साधारण एका गुणाच्या आतबाहेर होता.

महाराष्ट्रातील तालमींत दंड-बैठकांनी अंग भरून आलेल्या नव्या पोराला तेलाने रगडण्याची रीत जुनी आहे. आत मूठ असलेला जड नाल उचलणे हा तेथील ताकदीच्या परीक्षेचा एक प्रकार असला, तरी त्यात वजन खांद्यावर वा डोक्यावर नेतात. त्यामुळे त्याचे नाते डेडलिफ्टपेक्षा भारोत्तोलनाशी अधिक जवळचे आहे.