एर्ब पक्षाघात (एर्ब्ज पाल्सी)

बाळंतपणात बाळाच्या मानेतून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसून हात लुळा पडणे. हजार जन्मांमागे साधारण एक-दोन बाळांत ही इजा आढळते. डोके बाहेर येते, खांदा मात्र आईच्या जघनास्थीमागे (ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडामागे) अडकतो. मग मान ताणली जाते आणि मज्जारज्जूतून निघणारी मानेतील मज्जातंतूंची पाचवी व सहावी मुळे दुखावतात. अशा वेळी डोके ओढण्याऐवजी आईच्या मांड्या पोटाकडे दुमडून जघनास्थीच्या वर दाब देतात. आईचा मधुमेह, वजनदार बाळ आणि चिमटा लावून केलेली प्रसूती यांमुळे धोका वाढतो, तरी खांदा कुणाचा अडकेल हे आधी सांगता येत नाही. क्वचित सिझेरियननंतरही हात लुळा आढळतो. त्यामुळे प्रत्येक वेळी डॉक्टरला दोषी धरणे योग्य नाही.

हात अंगालगत पडून राहतो, कोपर सरळ, तळवा मागे वळलेला. मूठ मात्र वळते. बाळ दचकले की एकच हात वर जातो. मूठच वळत नसेल तर खालची मुळे दुखावलेली असतात. त्यासोबत त्याच बाजूची पापणी उतरून बाहुली लहान झाली, तर इजा गंभीर समजतात. खालच्या मुळांचा हा प्रकार डॉक्टर ऑगस्टा क्लुम्पके यांनी 1885 मध्ये मांडला. वरच्या मुळांच्या प्रकाराला डॉक्टर विल्हेल्म एर्ब (1874) यांचे नाव मिळाले खरे, पण नवजात बाळांतील वर्णन फ्रेंच डॉक्टर द्युशेन यांनी 1872 मध्येच केले होते.

जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म 1859 मध्ये पायाळू जन्मला आणि त्याचा डावा हात कायमचा आखूड व दुबळा राहिला. विजेच्या झटक्यांसह अनेक उपचार झाले, गुण आला नाही. छायाचित्रांत तो हात बहुधा हातमोज्याआड किंवा तलवारीच्या मुठीवर दिसतो.

बहुतेक बाळे आपोआप बरी होतात. तंतू नुसता ताणला असेल तर काही आठवडे पुरतात. आतला धागा तुटला असेल तर तो पुन्हा वाढतो, पण दिवसाला सुमारे एक मिलिमीटरच. म्हणून तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळ कोपर वाकवू लागते का, हे तपासतात. तोपर्यंत ‘होईल बरे’ म्हणून घरी बसणे घातक, कारण हालचालीविना खांदा आखडतो. फिजिओथेरपिस्टकडून सांधे हलवायला शिकावे, आणि न्हाऊ-माखू घालणाऱ्या बाईला तो हात ओढू देऊ नये. कोपर वाकतच नसेल, तर पोटरीतील मज्जातंतूचा तुकडा जोडण्याची शस्त्रक्रिया सहसा पहिल्या वर्षातच करतात.