अकिलिस कंडरेच्या जुनाट विकारांवरील शस्त्रक्रिया

पोटरीच्या स्नायूंना टाचेच्या हाडाशी जोडणारी, शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा म्हणजे अकिलिस कंडरा होय. टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंमी. वरच्या पट्ट्यात तिला रक्तपुरवठा तुलनेने कमी असतो आणि जुनाट झीज बहुधा तेथेच सुरू होते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेली पहिली काही पावले दुखणे, चालू लागल्यावर दुखणे थोडे ओसरणे आणि पोटरीच्या खाली बोटांना लागणारी जाडसर गाठ ही तिची ओळख आहे. या विकाराला पूर्वी सरसकट दाह म्हटले जाई. परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दाहाच्या पेशी फारशा आढळत नाहीत, विस्कटलेले तंतू व नव्याने शिरलेल्या बारीक रक्तवाहिन्या मात्र आढळतात.

शस्त्रक्रियेचा विचार तीन ते सहा महिन्यांच्या व्यायामोपचारानंतरच केला जातो आणि ते योग्यच आहे. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाच सावकाश खाली सोडण्याचा बारा आठवड्यांचा व्यायाम स्वीडनमधील आल्फ्रेडसन व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला, तेव्हापासून अनेक रुग्णांची शस्त्रक्रिया टळली आहे.

व्यायामाने गुण न आल्यास पुढचा निर्णय विकार नेमका कोठे आहे यावर ठरतो. मध्यभागातील, म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्यातील, विकारात रुग्णाला पालथे झोपवून, बहुधा कंडरेच्या आतल्या बाजूने छेद घेतात, कारण बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या सुरल चेतातंतूला इजा झाल्यास पावलाची बाहेरची कड बधिर होते. निरोगी कंडरा पांढरी व चकचकीत दिसते, तर झिजलेला भाग करडा-पिवळसर, निस्तेज व मऊ असतो. तो कापून काढून उरलेली कंडरा शिवतात. निम्म्याहून अधिक जाडी काढावी लागल्यास मागे उरलेल्या भागावर भार सोपवणे धोक्याचे असते, म्हणून पायाचा अंगठा वाकवणारी लांब कंडरा जवळून वळवून टाचेच्या हाडात बसवली जाते. अंगठा वाकवणारा हा स्नायू अकिलिस कंडरेला अगदी लागून असल्याने तो हाताशी येतो, त्याचा रक्तपुरवठाही चांगला असतो आणि अंगठ्याची ताकद घटली तरी रोजच्या चालण्यात ती सहसा जाणवत नाही.

कंडरा हाडाला चिकटते तेथील विकार वेगळा आहे. तेथे टाचेच्या हाडाचा मागचा-वरचा कोपरा बाहेर आलेला असतो (स्वीडिश शल्यचिकित्सक पॅट्रिक हाग्लुंड यांनी १९२८ मध्ये त्याचे वर्णन केले), जवळची द्रवपिशवी सुजलेली असते आणि कंडरेत चुन्याचे खडे साचलेले असतात. हे सारे काढण्यासाठी कंडरा काही अंशी किंवा पूर्णपणे सोडवावी लागते व नंतर हाडात रुतवलेल्या अँकरांच्या (छोट्या खुंट्यांच्या) धाग्यांनी पुन्हा घट्ट बसवावी लागते. काही रुग्णांत त्याऐवजी टाचेच्या हाडातून पाचरीसारखा तुकडा काढून हाडाचा आकारच बदलतात. ही पद्धत झाडेक यांच्या नावाने ओळखली जाते. पोटरीचा स्नायू आखूड झालेला असेल तर त्याला सैल करण्याची छोटी शस्त्रक्रिया कधी एकटीच पुरते.

तुटलेली कंडरा चार ते सहा आठवडे तशीच राहिली, तर टोके मागे खेचली जातात व मध्ये निकामी व्रणऊती भरते. अंतर २ सेंमी.पर्यंत असल्यास टोके थेट जोडता येतात. २ ते ५ सेंमी. असल्यास वर उलट्या ‘व्ही’ आकाराचा छेद घेऊन तो ‘वाय’ आकारात शिवतात व कंडरा खाली सरकवतात. त्याहून मोठ्या अंतरासाठी अंगठ्याची कंडरा वळवावी लागते किंवा मांडीमागची कंडरा कलम म्हणून वापरावी लागते.

सर्वांत मोठी चिंता कंडरेइतकीच त्वचेचीही असते. टाचेमागची त्वचा पातळ असून तिच्याखाली मेदाचे अस्तर नाममात्र असते, त्यामुळे जखम चिघळणे हा नेहमीचा धोका आहे. मधुमेह आणि तंबाखू यांनी तो वाढतो, म्हणून रक्तातील साखर आटोक्यात आणणे व धूम्रपान थांबवणे ही तयारी छेदाइतकीच महत्त्वाची आहे. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याकडेही लक्ष ठेवावे लागते.

शस्त्रक्रियेनंतर पाऊल खाली झुकलेल्या स्थितीत प्लास्टर किंवा बुटात ठेवतात, टाचेखालच्या पाचरी क्रमाने कमी करतात आणि सहा ते आठ आठवड्यांत पूर्ण वजन पेलू देतात. एका पायाच्या चवड्यावर उंच होता येण्यास मात्र सहा महिने ते वर्षभर लागते.