धुळ्यात बाहेरचे लोक आत्ता आले म्हणे!

देवपूरकडे नवीन प्लॉट पडले की हमखास ऐकू येतं, ‘आमनं धुळं’ आधी एकजात अहिराणी होतं, हायवे झाला नि बाहेरचे घुसले. कुठलं काय! 1819 मध्ये धुळं म्हणजे पांझरेकाठचं जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव, इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने तिथं खानदेशचं मुख्य ठाणं केलं, कारागीर लांबून आणवले, व्यापाऱ्यांना बोलावलं, घराला जागा बिनभाड्याने, तीही कायमची, वर बांधायला उचल, मग गाववाला असो की परका. सिंधी मंडळी फाळणीनंतरची, तेव्हा कुठला आलाय चौपदरी हायवे? भाडी वाढली, पार्किंगची बोंब आहे, हे खरंय. पण पाचकंदीलच्या बाजारात दुकानदार गिऱ्हाईक बघून अहिराणी-मराठी-हिंदी फिरवतो, तेव्हा भाव करताना कुणालाच खटकत नाही बरं!