लॅक्टिकवर शंभर वर्षांचा आळ

डिसेंबरात मालवणच्या चिवला बीचवर सागरी जलतरणाच्या स्पर्धा होतात. त्यातला शेवटचा टप्पा किनाऱ्यावरून बघण्यासारखा असतो. इतका वेळ लयीत आलेला पोरगा किनारा जवळ दिसताच जीव तोडून हात मारायला लागतो. थोड्याच वेळात हात भराभर फिरत असतात, पण गडी काही पुढे सरकत नाही. बाहेर आल्यावर म्हणतो, "हात उचलूकच जमणा नाय." शेजारचा कुणीतरी जाणकार मान डोलावतो, "लॅक्टिक ॲसिड!"

जोराच्या श्रमात स्नायूत तयार होणाऱ्या या आम्लावरचा हा आळ जुना आहे. स्नायूंवरच्या संशोधनासाठी आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहोफ यांना 1922 चं नोबेल मिळालं, आणि त्या सुमारास थकवा म्हणजे लॅक्टिक हे समीकरण जे बसलं ते आजतागायत. आम्लामुळे स्नायू दुबळा होतो हे दाखवणारे बरेच प्रयोग थंड तापमानात झाले होते. पुढे सस्तन प्राण्यांचे स्नायू शरीराच्या तापमानाजवळ ठेवून तेच पाहिलं, तर परिणाम बराच कमी निघाला. शिवाय लॅक्टेट, म्हणजे शरीरात या आम्लाचं जे रूप असतं ते, काही नुसता कचरा नाही. हृदय आणि दुसरे स्नायू ते चक्क इंधन म्हणून जाळतात.

मग हात जड का होतात? स्नायूत मायोसिन या प्रथिनाची असंख्य टोकं ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचा तंतू धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढे धरतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारे दोरावर हात बदलत जातात, तसंच. पकड सोडून नवी घ्यायची तर दरवेळी एटीपी, म्हणजे पेशीचं तयार इंधन, हवं, आणि पूर्ण जोर लावला तर स्नायूतलं तयार एटीपी दोन-तीन सेकंदांपुरतंच. लगेच फॉस्फोक्रिएटिन हा स्नायूतलाच राखीव साठा फुटून ते भरून काढतो. त्याचाही मोठा भाग दहाएक सेकंदांत संपत येतो. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूत साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय मोडण्याचं कामही एव्हाना जोरात असतं. लॅक्टेट येतं ते इथून.

पण फॉस्फोक्रिएटिन फुटल्यावर मागे फॉस्फेट उरतं, आणि आजचा मोठा संशयित तो आहे. तो मायोसिनची पकड ढिली करतो. वर, 'ओढ' असा हुकूम देणारं कॅल्शियम पेशीत ज्या साठ्यातून सुटतं तिथे शिरून तो कॅल्शियमलाच बांधून टाकतो, असं प्रयोगांतून दिसतं. भरीला पोटॅशियम पेशीबाहेर साचतं आणि विजेचा संदेश क्षीण होतो. आम्ल अगदीच निर्दोष नाही. फॉस्फेटच्या साथीने तेही उपद्रव देतं. पण एकट्याने सगळा गुन्हा केलेला नाही.

पाण्यात या सगळ्याची शिक्षा जबर. वेगाच्या घनाच्या प्रमाणात शक्ती लागते, म्हणजे वेग 10 टक्क्यांनी वाढवायचा तर शक्ती साधारण 33 टक्के जास्त. चीनच्या पान झानलेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटर फ्रीस्टाइल 46.40 सेकंदांत मारून विश्वविक्रम केला. त्यातले पहिले 50 मीटर 22.28 सेकंदांत, पुढचे 24.12 मध्ये. यात सुरुवातीच्या सुराचा फायदा धरलाच पाहिजे, तरी जगातला सर्वांत वेगवान माणूसही दुसऱ्या लॅपमध्ये मंदावतो.

थकलेल्याचं कोपर पाण्याखाली खाली पडतं. तळवा पाणी मागे रेटण्याऐवजी ते कापत जातो, हाताच्या एका फेऱ्यात कमी अंतर कापलं जातं, मग पोरगा घाईने हातांची संख्या वाढवतो. त्यातून आणखी एटीपी जळतं. त्यात पळणाऱ्यासारखा हवा तेव्हा श्वासही घेता येत नाही, आणि छातीवर पाण्याचा दाब असल्याने श्वासाचे स्नायूही दमतात.

शर्यतीनंतर वाळूवर आडवं होण्यापेक्षा थोडं सावकाश पोहलं तर रक्तातलं लॅक्टेट लवकर उतरतं. दुसऱ्या दिवशी खांदे दुखतात ते मात्र त्यामुळे नव्हे. तोवर लॅक्टेट केव्हाच गेलेलं असतं; ते दुखणं स्नायूतंतूंच्या बारीक इजेचं. सराव घेणाऱ्यांनी घड्याळाबरोबर शेवटच्या 25 मीटरमध्ये किती हात लागले तेही मोजावं. वेळ तीच राहून हात वाढले, तर कोपर पडायला लागलंय.